केळघर घाट उतरून आलेली गाडी

जुलैचा पाऊस लागून राहिला होता. मेढ्याकडचे एक गुरुजी डिझेल गाडी टोचन करून साताऱ्यात माझ्या गॅरेजला घेऊन आले. केळघर घाट उतरताना इंजिनातून टकटक सुरू झाली होती. वाटेत एका मिस्त्रीनं ऑइलची पट्टी काढून बघितली, तेल दुधाच्या चहासारखं. "हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल," एवढं सांगून तो मोकळा झाला. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग; ते गेलं की पाणी तेलात उतरू शकतं.

"गुरुजी, त्यानंतर गाडी चालू केली का?"

"नाही हो, हातच लावला नाही."

मला हायसं वाटलं. पाणी मिसळलेलं तेल बेअरिंगवर थर धरत नाही. तशीच साताऱ्यापर्यंत हाणली असती तर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, वाचला नसता.

दुधाळ तेल दिसलं की आम्ही सगळेच आधी हेडवर संशय घेतो. पण तेल बदलून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं, तर चारही सिलिंडर सारखे; म्हणजे गॅस्केट गेलेलं दिसेना. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीत मात्र बोटाला चिकटणारा तपकिरी साका. मग ऑइल कूलर आठवला. त्यात पातळ पत्र्याच्या एका अंगानं तेल वाहतं, दुसऱ्या अंगानं कूलंट. इंजिन चालू असताना तेलाचा दाब जास्त, म्हणून पत्रा फुटला की तेल कूलंटमध्ये जातं. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब लगेच बसतो, तापलेल्या कूलंटचा बराच वेळ टिकतो, आणि तेच उलटं तेलात शिरतं. दोन्हीकडची घाण अशी जमते.

कूलर काढला, तोंडं बंद करून हवा भरली, बादलीत बुडवला. पंक्चरच्या ट्यूबसारखे बुडबुडे आले. गुरुजी वाकून बघतच राहिले.

पण मला खरी धास्ती त्या आवाजाची होती. जुना फिल्टर कापून कागद उलगडला, बेअरिंग झिजल्याचा चकाकणारा कीस कुठं नव्हता. तरी मन मानेना. खालचं तेलाचं चेंबर उतरवून एका कनेक्टिंग रॉडची बेअरिंग काढली. चमक गेली होती, पण थराखालचं तांबं उघडं पडलं नव्हतं. म्हणजे टकटक वरून, हायड्रॉलिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या, तेलानं भरून राहणाऱ्या भागांची असणार. फेसाळलेलं तेल त्यांना भरून धरत नाही.

नवा कूलर बसवला, तेलानं फुगलेले होज बदलले, कूलंटची लाइन चार वेळा धुतली, तेल-फिल्टर दोनदा बदलले. शेवटी चावी फिरवली तर टकटक तशीच. गुरुजींचा चेहरा उतरला. मी बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो. सातव्या-आठव्या मिनिटाला आवाज विरळ झाला, आणि मग नुसता पाऊस ऐकू येत होता.