घरगुती आयपीएस सेल: सरळ दात्यांऐवजी नागमोडी दाते

मागच्या नोंदीत सरळ दात्यांचा आयपीएस (इन-प्लेन स्विचिंग) सेल, म्हणजे एलसीडी पडद्याच्या एका प्रकाराचा घरी केलेला नमुना, चालू झाल्याचं लिहिलं होतं. या वेळी काच तीच, मधला लिक्विड क्रिस्टल द्रव तोच, जाडीही तीच. बदललाय फक्त आयटीओवर (काचेवरच्या पारदर्शक, वीजवाहक थरावर) कोरलेला आकार. दोन कंगवे एकमेकांत अडकवल्यासारखे इलेक्ट्रोड आधी होते, ते आता दर मिलिमीटरला मोडत जातात: एकदा डावीकडे १५ अंश, एकदा उजवीकडे १५ अंश.

एवढा खटाटोप कशासाठी, ते नव्या मंडळींसाठी थोडक्यात. टीएन (ट्विस्टेड नेमॅटिक) या जुन्या प्रकारच्या एलसीडी पॅनेलमध्ये इलेक्ट्रोड समोरासमोरच्या दोन काचांवर असतात, त्यामुळे विद्युतक्षेत्र उभं आणि द्रवाचे लांबट रेणूही त्याबरोबर उभे होतात. करड्या छटांत ते अर्धवट उठलेले असतात, सगळे एकाच बाजूला कललेले. म्हणून जुन्या लॅपटॉपकडे खालून पाहिलं की चेहरे निगेटिव्हसारखे दिसायचे. आयपीएसमध्ये दोन्ही इलेक्ट्रोड एकाच काचेवर घेतात. क्षेत्र आडवं, रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात. बाहेरून काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवक फिल्ममुळे रेणू फिरले की उजेड, नाही तर काळोख. जर्मनीत फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेत गुंटर बाउर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास यावर काम केलं आणि १९९६ मध्ये हिताचीने असे पॅनेल बाजारात आणले.

छटा उलटण्याचा त्रास त्यात गेला, रंगाचा राहिला. पांढऱ्या पिक्सेलमध्ये रेणू सुमारे ४५ अंश फिरलेले असतात. त्यांच्या लांबीच्या दिशेने तिरकं पाहिलं तर दुहेरी अपवर्तन (रेणूंच्या लांबीच्या आणि आडव्या दिशेतल्या अपवर्तनांकांतला फरक) कमी भरतं आणि पांढरा निळसर दिसतो. आडव्या दिशेने पाहिलं तर प्रकाशाचा मार्ग लांबतो आणि पांढरा पिवळट होतो. उपाय अगदी साधा निघाला. इलेक्ट्रोडला मधे मोड दिला की पिक्सेलच्या एका भागातले रेणू घड्याळाच्या दिशेने फिरतात, दुसऱ्यातले उलट. ४५ अंशांवर दोन्ही गट एकमेकांना काटकोनात येतात. एक निळा पडतो तेव्हा दुसरा पिवळा पडतो आणि डोळा बेरीज करतो. कुठल्याही आयपीएस मॉनिटरवर स्वस्तातला यूएसबी मायक्रोस्कोप टेकवा. बहुतेक वेळा उपपिक्सेल बाणाच्या टोकासारखे वाकलेले दिसतील.

आता माझा सेल. नक्षीच्या मास्कसाठी ऑफसेट छपाईवाल्याकडून पॉझिटिव्ह फिल्म काढून घेतली. दाते १०० मायक्रोमीटरचे, मधली जागाही तेवढीच. लेझर प्रिंटरवर एवढ्या बारीक रेषांच्या कडा फाटतात, त्या वाटेला जाऊ नका. ड्राय फिल्म फोटोरेझिस्ट (उजेडाने पक्का होणारा थर), डेव्हलपर म्हणून धुण्याचा सोडा, मग आयटीओ कोरायला जस्ताची पूड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. हे सगळं गच्चीवर, हातमोजे आणि चष्मा घालून. वरच्या काचेवर इलेक्ट्रोड नाहीच. रेणूंना दिशा लावायला दोन्ही काचांवर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ थर, मखमलीने एकाच दिशेत घासलेला. ही दिशा सेलच्या उभ्या अक्षावर ठेवायची, म्हणजे दात्याच्या प्रत्येक भुजेशी (दोन मोडांमधल्या सरळ तुकड्याशी) तिचा १५ अंशांचा कोन होतो आणि कुणी कुठे फिरायचं ते आपोआप ठरतं. सरळ दात्यांच्या सेलमध्ये हा कोन मुद्दाम द्यावा लागला होता. इथे तो नक्षीतच आहे. मधे ६ मायक्रोमीटरची मायलर फिल्म, कडांना इपॉक्सी.

द्रव म्हणजे ५सीबी नावाचं लिक्विड क्रिस्टल. आणि इथे नागपूर आडवं येतं. ५सीबी साधारण २४ ते ३५ अंश सेल्सिअस या पट्ट्यातच नेमॅटिक (वाहता, तरी रेणू एका दिशेत लागलेले) असतो. त्यावर गेला की साधा पारदर्शक द्रव, सगळा खेळ खलास. भरताना हे सोयीचं पडतं, कारण गरम अवस्थेत केशाकर्षणाने आत सोडला आणि हळूहळू थंड केला तर प्रवाहाच्या खुणा राहत नाहीत. पण एप्रिलच्या दुपारी खोलीतला सेल व्होल्टेज चालू असूनही स्वतःच विझतो. बरं, ३५ च्या आतही दुहेरी अपवर्तन तापमानाबरोबर घसरत असतं, म्हणजे सकाळचा नारिंगी दुपारपर्यंत वेगळाच रंग झालेला असतो. रंगांची तुलना करायची तर दोन्ही सेल एकाच अॅल्युमिनियमच्या पट्टीवर शेजारी ठेवा आणि पहाटे उरका. कूलरवर माझा भरवसा नाही. तो तापमान उतरवतो, स्थिर ठेवत नाही.

सेलला किती व्होल्टेज लागतं, अशी विचारणा आली होती. आयपीएसचा थ्रेशोल्ड (रेणू फिरू लागतात ते किमान व्होल्टेज) दात्यांमधलं अंतर भागिले सेलची जाडी या प्रमाणात वाढतो. माझ्या मापांना तो नऊ-दहा व्होल्टच्या आसपास बसतो. पण तो ओलांडला की लगेच उजेड मिळेल असं समजू नका. जाड सेलमध्ये रेणूंचा पीळ सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. प्रकाशाचं ध्रुवण (कंपनाची दिशा) त्याच्यामागून जातं आणि होतं तिथेच परत येतं. पीळ काचेलगतच्या पातळ थरात दाबला गेला की मगच सेल उजळतो, त्यासाठी थ्रेशोल्डच्या तीन-चार पट व्होल्टेज लागतं. फंक्शन जनरेटर आणि उलटा जोडलेला छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर यावर भागतं. १ किलोहर्ट्झ एसीच द्या. डीसीने द्रव नासतो.

निकाल असा. समोरून दोन्ही सेल नारिंगीकडे झुकणारे. (खऱ्या पॅनेलसारखा पांढरा मिळणार नाही, तिथे जाडी ३-४ मायक्रोमीटर आणि दुहेरी अपवर्तन ०.१ च्या घरात, माझ्याकडे दोन्ही जवळपास दुप्पट.) कर्णाच्या दिशेने तिरकं पाहिल्यावर सरळ दात्यांचा सेल एकीकडून पिवळा, दुसरीकडून लालसर जांभळा. नागमोडी सेलमध्ये जवळून पिवळ्या आणि जांभळट पट्ट्या एकाआड एक दिसतात, आणि बाजू बदलली की त्यांची अदलाबदल होते. भुजा एक मिलिमीटरची असल्याने त्या मिसळायला खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जावं लागतं. तिथून मात्र दोन्ही कर्णांकडून रंग सारखाच. मला तर जवळून दिसणाऱ्या पट्ट्याच जास्त आवडल्या. पॅनेलमध्ये जे लपवलेलं असतं ते इथे नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

दोन उणिवा राहिल्याच. प्रत्येक मोडावर एक काळी रेघ येते, कारण उलटसुलट फिरणारे रेणू तिथे भिडतात आणि मधले जागेवरच राहतात. शिवाय दात्यांच्या माथ्यावर क्षेत्र आडवं नसतं, त्यामुळे निम्मी काच काळीच. कोरियातल्या ह्युंदाईच्या एलसीडी विभागात, म्हणजे पुढच्या हायडिस कंपनीमध्ये, निघालेल्या एफएफएस (फ्रिंज फील्ड स्विचिंग) रचनेने ही दुसरी अडचण सोडवली: खाली अखंड इलेक्ट्रोड, वर पातळ इन्सुलेटर, त्यावर दाते, म्हणजे माथ्यावरचे रेणूही फिरतात. घरी तसा इन्सुलेटर जमवणं माझ्या आवाक्यात नाही. म्हणून पुढचा सेल ५० मायक्रोमीटरच्या दात्यांचा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या भुजांचा. फिल्म छापायला दिली आहे. कमी दुहेरी अपवर्तनाचं एखादं मिश्रण कुणाकडे थोडं शिल्लक असेल तर कळवा, अर्धा मिलिलिटरही पुष्कळ होईल.