ओहायोत निबंध शिकवताना

पहिले निबंध तपासून परत दिले त्या दिवशी तास संपल्यावर मी फळा पुसून बाहेर पडले, तर दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात त्यातलाच एक निबंध पडलेला. चार पानं, माझ्या लाल पेनाने भरलेली. त्या चार पानांसाठी मी रविवारची अर्धी दुपार घातली होती. चुकलेली आर्टिकल्स, स्वल्पविराम, काळ, एकही चूक सोडली नव्हती. मुलाने ग्रेड पाहिली आणि कागद टाकून दिला. मी तो उचलून पिशवीत ठेवला. त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

ही २०११ ची गोष्ट. सांगलीला इंग्रजीत एम.ए. करून, दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवून मी पीएच.डी.साठी अमेरिकेत, ओहायो राज्यात गेले होते. टीचिंग असिस्टंटशिप मिळाली होती, म्हणजे फी माफ, महिन्याला मानधन, आणि त्या बदल्यात पहिल्या वर्षाच्या एका वर्गाला कॉम्पोझिशन शिकवायचं. विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही, त्यामुळे तास, तयारी, तपासणी सगळं त्यातच बसवायचं. वर्गात बावीस मुलं. कुणी नर्सिंगचं, कुणी इंजिनिअरिंगचं, कुणी अजून काहीच न ठरवलेलं. तिकडे बहुतेक कॉलेजांत पहिल्या वर्षी लेखनाचा हा विषय घ्यावाच लागतो. हार्वर्डने १८८५ साली तो पहिल्या वर्षाला सक्तीचा केला आणि तिथून ही पद्धत पसरत गेली.

मला निबंध ठाऊक होता तो आपल्या शाळेतला. ‘नदीचे आत्मवृत्त’, ‘मी मुख्यमंत्री झालो तर’. सुरुवातीला सुभाषित, शेवटी तात्पर्य, मधली वाक्यं बाईंनी फळ्यावर लिहून दिलेली. तो पाठ करून मी चांगले मार्क मिळवत आले होते. इथे मुलाने स्वतःचं एक म्हणणं मांडायचं, ते पुराव्याने लढवायचं आणि तोच निबंध दोन-तीनदा नव्याने लिहायचा. पहिल्या खर्ड्याला ग्रेडच नाही.

आम्हा नव्या टीएंना, म्हणजे टीचिंग असिस्टंटांना, शिकवायला एक अनुभवी प्राध्यापक होत्या. डब्यातला निबंध मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, “तुझ्या खुणा किती आहेत, मोज बरं.” मी मोजल्या. त्रेपन्न. “यातल्या किती खुणा तो जे सांगतोय त्याबद्दल आहेत?”

एकही नव्हती.

निबंध होता ओहायोतल्याच अ‍ॅक्रन शहराबद्दल. एके काळी अमेरिकेचे टायर तिथे बनायचे, मग एकेक कारखाना बंद पडत गेला. मुलाने तीन पानं भरून अर्थव्यवस्था, जागतिकीकरण वगैरे लिहिलं होतं, सगळं कुठूनतरी आणल्यासारखं. चौथ्या पानावर एकच वाक्य वेगळं होतं: आजोबा निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी त्यांच्या नखांच्या कडांमधला काळा रंग गेला नव्हता. त्या वाक्यात मी काळ दुरुस्त केला होता आणि पुढे गेले होते.

पुढच्या आठवड्यात कॉन्फरन्स होत्या, म्हणजे प्रत्येक मुलाशी पंधरा-पंधरा मिनिटं एकट्याने बोलायचं. तो आला, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. त्याच्या नव्या कोऱ्या प्रतीवर मी फक्त त्या वाक्याखाली रेघ मारली आणि विचारलं, “आजोबा हात कशाने धुवायचे?” तो आधी गोंधळला. मग बोलायला लागला तो थांबेना. गॅरेजमधला मोठा दगडी सिंक, तो खरखरीत साबण, आणि कारखाना बंद झाल्यावरही आजोबा रोज त्याच वेळी जाऊन हात धुवायचे ते. पंधराची पस्तीस मिनिटं झाली, बाहेरची मुलगी दोनदा डोकावून गेली. त्याचा दुसरा खर्डा त्या सिंकपासून सुरू झाला. चुका होत्याच, पण कारखाना गेल्यावर माणसाचं नेमकं काय जातं, हे त्या मुलाने मला पहिल्यांदा समजावून दिलं. तेव्हापासून पहिल्या खर्ड्यावर मी व्याकरणाला हात लावत नाही. आधी प्रश्न विचारते, तेही दोन किंवा तीनच.

बाकीच्या गोष्टी चुकत-माकत शिकले. पहिल्याच महिन्यात मी सगळ्यात चांगल्या निबंधाची ग्रेड कौतुकाने वर्गात वाचून दाखवली होती. मुलाची ग्रेड त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही, १९७४ पासून तसा कायदाच आहे, हे मला नंतर समजलं. सगळ्यांचे मार्क नोटीस बोर्डावर लागतात अशा ठिकाणी वाढलेल्या मला त्या नियमामागची माया पटायला वेळ लागला. आता पूर्ण पटली आहे.

तिसऱ्या वर्षी मला अमेरिकन साहित्याच्या सर्व्हे कोर्सचा पहिला भाग मिळाला. तिकडे या साहित्याचे सहसा दोन तुकडे करतात, यादवी युद्ध संपलं ते १८६५ साल मधे धरून. माझा भाग त्याच्या आधीचा. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५ चं आत्मकथन त्यात होतं. बॉल्टिमोरच्या घरात मालकीण लहानग्या डग्लसला मुळाक्षरं शिकवायला घेते, मालक तिला थांबवतो, कारण शिकलेला माणूस गुलाम म्हणून राहणार नाही. मग तो पोरगा घरातली भाकरी गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना देतो आणि बदल्यात त्यांच्याकडून वाचायला शिकतो. हे वाचताना मला सारखे पुणे आणि १८४८ आठवत होते, अंगावर शेण झेलत शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाई आठवत होत्या. पण ते वर्गात कसं आणावं कळेना. रात्री, म्हणजे इकडे सकाळी, सांगलीला माझ्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, “अगं, ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका दाखव की त्यांना. इंग्रजीतच आहे ती!”

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपलं पुस्तक अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी जे केलं त्याबद्दल आदर म्हणून. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा ही आशा धरून. मी ते पान पडद्यावर लावलं. ओहायो नदीच्या अलीकडे मुक्त राज्य आणि पलीकडे केंटकीत गुलामगिरी, या इतिहासात वाढलेली ती मुलं. पुण्यातल्या एका माणसाने आपल्याकडे पाहून हे लिहिलं, हे वाचून वर्ग गप्प झाला. माझे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका कृष्णवर्णीय मुलीने हात वर केला. तिने अर्पणपत्रिकेतल्या एका शब्दावर बोट ठेवलं: ‘डिसइंटरेस्टेड’, म्हणजे निःस्वार्थ. ती म्हणाली, “डग्लस निःस्वार्थ नव्हता. त्याला स्वतःला सुटायचं होतं. मग या सज्जन लोकांत तो आहे का?”

तो मजकूर मी कितीदा वाचला होता, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तास संपला तरी सात-आठ मुलं उठली नाहीत. फुल्यांपर्यंत अमेरिका कोणाच्या लिखाणातून पोचली असेल, मुक्तीचं श्रेय नेहमी देणाऱ्याकडेच का जातं, यावर ती भांडत राहिली. जोतीरावांना हे भांडण आवडलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

त्या मुलीने शेवटचा पेपर त्या एका शब्दावरच लिहायला घेतला. पहिला खर्डा आला, सहा पानांचा, घाईत लिहिलेला. मी तो दोनदा वाचला आणि समासात पेन्सिलीने एकच ओळ लिहिली: भाकरी घेऊन शिकवणारी ती गल्लीतली पोरं तू कोणत्या बाजूला धरशील?