डॉलरच्या चिन्हाची खोटी साक्ष

जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी (तयार कोडचा संच) वेबपानावर लोड झाली आहे की नाही हे पाहण्यासाठी मी बरीच वर्षे ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे कोडची ओळ लिहून लगेच उत्तर पाहता येते त्या खिडकीत, तिचे लघुनाव असलेले डॉलरचे चिन्ह टाइप करून एंटर दाबत असे आणि उत्तरादाखल एखादे फंक्शन दिसले की निश्चिंत होत असे. एकदा पानावरचे एकही बटण चालत नव्हते, तरीही कन्सोल फंक्शनच दाखवीत होता, त्यामुळे तासभर मी स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत बसलो. क्रोम आणि फायरफॉक्स यांच्या कन्सोलमध्ये, पानावर त्या नावाचे दुसरे काही नसेल, तर डॉलर हे पानावरचा घटक शोधणाऱ्या 'क्वेरीसिलेक्टर' या ब्राउझरच्याच फंक्शनचे लघुरूप असते. मला दिसलेले फंक्शन ब्राउझरचे होते. जेक्वेरीची फाइल पानावर पोहोचलीच नव्हती.

तेव्हापासून मी 'जेक्वेरी' हे पूर्ण नावच तपासतो, आणि तेही नावामागे कोणत्या प्रकारचे मूल्य आहे हे सांगणारे 'टाइपऑफ' लावून, कारण अस्तित्वात नसलेले नाव अटीत थेट लिहिले तर रेफरन्स एरर येऊन पुढची स्क्रिप्ट तिथेच थांबते. 'विंडो' या ब्राउझरच्या जागतिक ऑब्जेक्टवर नाव शोधण्याची पद्धतही जेक्वेरीपुरती ठीक आहे; परंतु एखाद्या लायब्ररीने आपले नाव सर्वात वरच्या पातळीवर 'कॉन्स्ट'ने घोषित केले असेल, तर ते वापरता येते, मात्र 'विंडो'वर सापडत नाही.

याहून अवघड प्रश्न वेळेचा आहे. स्क्रिप्टच्या टॅगवर 'असिंक' (फाइलसाठी पान थांबवू नको, ती आली की चालव, अशी सूचना) असेल, तर ती फाइल केव्हा चालेल याचा भरवसा नसतो, आणि त्या टॅगच्या लगेच खाली केलेली तपासणी 'नाही' म्हणाली तरी तिचा अर्थ 'अजून नाही' एवढाच असू शकतो. दर शंभर मिलिसेकंदांनी पुन्हा विचारत राहणारा टायमर मला अजिबात आवडत नाही, कारण फाइल येणारच नसेल तर तो, मर्यादा घातलेली नसल्यास, विचारतच राहतो. त्यापेक्षा स्क्रिप्टच्या 'लोड' आणि 'एरर' या इव्हेंटवर कान ठेवावा: पत्ता चुकला, सर्व्हरने 404 (फाइल सापडली नाही) दिला किंवा इंटिग्रिटीचा हॅश (फाइल बदललेली नाही हे पडताळणारी खूण) जुळला नाही, तर 'एरर' येतो. मात्र फाइल मिळाली आणि चालताना मध्येच कोलमडली, तरीही 'लोड' येतोच; म्हणून 'लोड' आल्यानंतरसुद्धा मी 'टाइपऑफ'ची ती एक ओळ ठेवतो.