एका रिचार्जमध्ये सगळे इंटरनेट

८ फेब्रुवारी २०१६ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, संकेतस्थळ किंवा ॲप कोणते आहे हे पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास दूरसंचार कंपन्यांना मनाई केली. नियम मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड ठरला. या निर्णयाची आठवण आता फारशी कोणी काढत नाही. सोलापुरासारख्या शहराला मात्र त्याचे मोल महानगरांपेक्षा अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

शहराच्या पूर्व भागात माझ्या परिचयाचे एक टॉवेल उत्पादक आहेत. मोजकेच यंत्रमाग आहेत आणि पॅकिंग घरच्याच खोलीत होते. नवा माल निघाला की ते दारातल्या उजेडात टॉवेलांच्या घड्या एकावर एक रचतात, वरच्या टॉवेलाचा काठ दिसावा म्हणून एक कोपरा उलगडून ठेवतात आणि मोबाईलवर फोटो काढून भाच्याने तयार करून दिलेल्या साध्याशा संकेतस्थळावर चढवतात. परगावचा व्यापारी ते पान उघडतो तेव्हा त्याच्या डेटाला जो दर पडतो, तोच दर देशातल्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याचे ॲप उघडताना पडतो. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या ‘एअरटेल झिरो’ योजनेत हेच बदलणार होते. ज्या कंपन्या डेटाचा खर्च स्वतः उचलतील त्यांची ॲप्स ग्राहकाला फुकट आणि बाकीच्यांची नेहमीच्या दराने, अशी ती रचना होती. लोकांचा रोष पाहून फ्लिपकार्टने त्या योजनेतून अंग काढून घेतले. ती रुळली असती तर आमच्या टॉवेलवाल्यांना मालाच्या दर्जावर नव्हे, तर ग्राहकाचा डेटा भरण्याच्या ऐपतीवर स्पर्धा करावी लागली असती, आणि त्या स्पर्धेत ते पहिल्याच दिवशी बाद झाले असते.

याउलट, फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’च्या, म्हणजे निवडक संकेतस्थळे फुकट उघडू देणाऱ्या योजनेच्या, बाजूने जो युक्तिवाद झाला तो सहजासहजी झटकून टाकण्यासारखा नाही. गरिबाला पूर्ण इंटरनेट परवडत नसेल तर निदान काही भाग फुकट मिळू द्यावा, त्यात वाईट काय, असे विचारले जात होते. त्यासाठी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती आल्या होत्या. त्या काळी थ्रीजीच्या एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत आणि दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईच्या घरात तेवढे पैसे केवळ इंटरनेटसाठी निघणे कठीणच होते. म्हणून हा प्रश्न तिच्याच बाजूने तपासून पाहायला हवा. तिच्या दहावीतल्या मुलीला बीजगणिताचा अडलेला धडा समजावणारा व्हिडिओ हवा असता, तर तो त्या फुकट भागात नव्हताच, कारण व्हिडिओ आणि इंटरनेटवरून बोलण्याच्या सेवा तांत्रिक अटींनीच बाहेर ठेवल्या होत्या. त्या अटी ठरवणारी आणि संकेतस्थळांचे अर्ज मंजूर करणारी कंपनी एकच होती, तीही स्वतः या बाजारातली खेळाडू. मुलीने काय वाचावे, कुठे शोधावे, कोणाशी बोलावे याची चौकट तिच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी आखून दिली असती. मला हे मान्य होण्यासारखे नाही. गरिबाला कमी डेटा मिळाला तर तो काटकसरीने वापरील, पण तो कशासाठी वापरायचा हे त्याचे त्यानेच ठरवले पाहिजे.

पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, दरयुद्ध पेटले आणि काही महिन्यांतच डेटा झपाट्याने स्वस्त झाला. फुकटच्या कुंपणाशिवाय गरीब माणूस इंटरनेटवर येणारच नाही, हे भाकीत खोटे ठरले. अर्थात स्वस्ताई कायमची नसते. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, आणि एका मोबाईलवर घर चालवणाऱ्यांना ती वाढ जाणवलीच.

दराचा प्रश्न २०१६ मध्ये मिटला, तरी वेगाचा प्रश्न उरला होता. दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये परवान्याच्या अटींतच बदल करून मजकूर अडवणे, मुद्दाम मंद करणे किंवा एखाद्याला झुकते माप देणे यांवर बंदी घातली. अमेरिकेत मात्र हाच नियम २०१५ मध्ये आला, २०१७ मध्ये गेला, २०२४ मध्ये परत आला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. आपण त्या बाबतीत अधिक ठाम राहिलो, याचा मला अभिमान वाटतो.

परंतु आता मागणी वेगळ्या रूपाने पुढे येत आहे. ज्यांच्या सेवांमुळे जाळ्यावर मोठा भार पडतो त्यांनी दूरसंचार कंपन्यांना वाटा द्यावा, असे या कंपन्यांचे म्हणणे आहे. वरवर ते रास्त वाटते. पण तो डेटा ग्राहकाने मागवलेला असतो आणि त्याचे पैसे त्याने रिचार्ज मारतानाच भरलेले असतात. दक्षिण कोरियात असे जाळेशुल्क आहे. ते परवडत नसल्याचे सांगून ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या सेवेने फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील कारभार बंद केला. ॲमेझॉनच्या मालकीच्या सेवेची ही गत असेल, तर मराठी शिकवण्या थेट दाखवू पाहणाऱ्या एखाद्या नवख्या उद्योगाला ती वाट कशी झेपणार?

नियम कागदावर कितीही चांगला असला तरी तो मोडला गेला हे ग्राहकाला कळायचे कसे, ही मला सर्वांत मोठी अडचण वाटते. पान फिरतच राहिले तर दोष रेंजचा, जुन्या मोबाईलचा की कंपनीचा, हे साध्या माणसाला सांगता येत नाही. नियमभंगाची तपासणी आणि देखरेख यांसाठी कंपन्या, ग्राहक, संशोधक आदींची एकत्रित संस्था असावी, अशी शिफारस ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये केली होती. पण दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. सोलापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी पूर्व भाग, जुळे सोलापूर आणि विडी घरकुल अशा वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये, एकाच वेळी, एकाच मोबाईलवर मोठी ॲप्स आणि छोटी स्थानिक संकेतस्थळे उघडून वेगाच्या नोंदी ठेवाव्यात. ट्राय प्रत्येक सल्लामसलत-पत्रावर नागरिकांची मते मागवते. त्या वेळी आपल्या शहरातून नोंदींच्या आधारे लिहिलेले निवेदन जायला हवे, आणि ते तयार करायला मी माझा वेळ द्यायला तयार आहे.