तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या गोष्टींचं संशोधन कसं होतं?

'मॅडम, सॅम्पल साइज किती?' 'घरातल्या माणसांबद्दल लिहिणं हे संशोधन कसं?' व्हायवाला आलेल्या तज्ज्ञांपासून लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मावशींपर्यंत सगळे हेच विचारतात. मी नात्यांचा अभ्यास करते, घरातली माणसं एकमेकांना सांगतात त्या गोष्टींमधून. तो कसा, ते आता एकदा नीट सांगते.

पीएच.डी.ला मीही प्रश्नावल्याच वाटल्या होत्या. 'जोडीदाराशी माझा संवाद समाधानकारक आहे', पाचांपैकी एका चौकटीत खूण करा. एका बाईंनी खूण केलीच नाही, समासात पेन्सिलीने लिहिलं, 'कोणत्या वर्षी?' माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता. अख्ख्या गठ्ठ्यात नात्याबद्दल काही सांगणारं तेवढंच होतं, असं मला आजही वाटतं.

पुढे आर्थर बॉकनर वाचले. अमेरिकेत फ्लोरिडात संज्ञापन, म्हणजे माणसांमधला संवाद, हा विषय शिकवणारे प्राध्यापक. वडील गेल्याचं त्यांना परिषदेत असताना कळलं, आणि इतकी वर्षं शिकवलेल्या सिद्धांतांनी त्या घडीला काहीच साथ दिली नाही, असं त्यांनी १९९७ साली सरळ लिहिलं. प्रश्नावल्या सोडून मी माणसांच्या गोष्टींच्या वाटेला लागले ती तिथून.

पण 'तुमच्या आईवर का लिहिलं नाहीत?' हा प्रश्न मला झोंबतो.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हाची आईची मुलाखत मी घेतली होती. ती मेथी निवडत बोलत होती, फोन ताटाशेजारी चालू. एक वाक्य ती बोलली आणि मेथीची जुडी तशीच धरून बसली. मसुदा दादाने वाचला. तो तिच्यासमोरच म्हणाला, "आई असं बोलणारच नाही. तूच तिच्याकडून वदवून घेतलंस." मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "नाही रे, मी कुठे असं म्हणाले?"

रेकॉर्डिंग माझ्या पर्समध्ये होतं. लावलं असतं तर दादा गप्प बसला असता. मी लावलं नाही. ते वाक्य इथेही लिहिणार नाही.

माझ्यातली जुनी, प्रश्नावल्या वाटणारी मी म्हणते, पुरावा हातात असताना मागे हटलीस, हे कसलं संशोधन? तिला मी सांगते, आई दोन्ही वेळा खरंच बोलत होती. एकदा लेकीशी, एकदा लेकासमोर. कोण कुणाला सांगतंय यावर गोष्ट घडते, आणि मी तेच तर अभ्यासते. त्यावर ती म्हणते, मग छापायला काय हरकत होती? इथे माझी बोलती बंद होते.

हा पेच माझ्या एकटीचा नाही. समाजशास्त्रज्ञ कॅरोलिन एलिस यांनी अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराकाठच्या मच्छीमारांवर १९८६ साली पुस्तक लिहिलं. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते कळल्यावर ती माणसं दुखावली. त्यांनी एलिसना मैत्रीण म्हणून घरात घेतलं होतं. एलिसनी हे लपवलं नाही, त्यावरच पुढे लिहिलं. मला ते धैर्य वाटतं. कधी वाटतं, त्या मच्छीमारांना दुसऱ्यांदा वापरलं.

माझे विद्यार्थी आता संमती दोनदा घेतात, मुलाखतीआधी आणि मसुदा वाचून दाखवल्यावर. त्यात काहींचं वर्षाचं काम बुडतं, ते चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला चुकीचं वाटत नाही. तरी दुसरी सही नसेल तर प्रबंध मी पुढे पाठवत नाही.