उंदीरमामांची पलटण

गेल्या रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा टेबलावर २१ उंदीर उभे होते. दोन पायांवर, ढाली-तलवारी घेऊन. "अरे, हे काय? गणपती कुठाय?" गणपती नाहीच, नुसते उंदीर, हे पेणच्या बाईला समजावणं सोपं नाही.

मी राहतो नॉटिंगहॅमला. आपल्याला हे गाव माहीत ते ट्रेंट ब्रिजच्या क्रिकेट मैदानामुळे. पण एका वेगळ्याच जमातीची ही पंढरी आहे. 'वॉरहॅमर' हा टेबलावर चिमुकल्या सैनिकांच्या बाहुल्यांनी खेळायचा लढाईचा खेळ १९८३ मध्ये निघाला. तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय इथल्या लेंटन भागात आहे आणि तिथेच 'वॉरहॅमर वर्ल्ड'. लोक परदेशातून विमानाने येतात, दारातल्या चिलखती सैनिकाच्या पुतळ्यापाशी फोटो काढतात आणि आत दिवसभर फासे टाकतात. अशा बाहुल्या बनवणाऱ्या इतरही कंपन्या या पट्ट्यात आहेत. पूर्वी हे सैनिक शिशाच्या मिश्रधातूचे ओतत, म्हणून या भागाला गमतीने 'लेड बेल्ट' म्हणतात. आता बहुतेक माल प्लास्टिकचा. हसू नका, २०२४ च्या डिसेंबरात ही कंपनी लंडनच्या एफटीएसई १०० मध्ये, म्हणजे तिथल्या शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांच्या यादीत, जाऊन बसली.

खेळाला पट नाही. टेप लावून इंचात चाल मोजायची. आणि सैन्य आयतं मिळत नाही: प्लास्टिकच्या चौकटीत हात, मुंडकी, शेपट्या सुट्या येतात. त्या कापा, घासा, चिकटवा, मग रंगवा. ऑफिसातल्या मित्राने मला ओढलं तेव्हा त्याला वाटलं, मी उमदे सरदार घेईन. मी घेतले 'स्केव्हन'. जमिनीखाली राहणारी, कपटी, भेकड उंदीरमाणसं. एकेकटे कुचकामी, म्हणून झुंडीने लढतात. म्हणजे निदान ४० तरी हवेतच.

का घेतले, ते पेणमध्ये आहे. काकांच्या कारखान्यात आम्हा पोरांच्या वाट्याला फक्त मूषक यायचे. पितांबर, सोंड, दागिने मोठ्यांकडे. डोळ्यांची आखणी काका एकटे करायचे, तेही पहाटे, कोणी बोलत नसताना. मी सात-आठ वर्षं उंदीरच रंगवले. त्या कामात माझा हात बसलाय, एवढंच.

तरी पहिल्याच घासाला खडा लागला. डिसेंबरात मागच्या अंगणात स्प्रेने प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, मारला. हवा गार आणि दमट. रंग अंगावर गुळगुळीत बसलाच नाही. १० उंदीर रवा लावून तळायला काढलेल्या बोंबलासारखे दिसायला लागले. मग रंग उतरवायला त्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासत बसलो. बायको म्हणाली, "तुझे स्वतःचे दात घासतोस का एवढे?"

बाकी रीत सोपी आहे. रंगात थोडं पाणी घालून दोन पातळ हात. एक जाड हात दिला की कोरीव काम बुजतं. मग 'ॲग्रॅक्स अर्थशेड' नावाचं तपकिरी पाणी अंगावर सोडायचं. ते केसांच्या खाचांत उतरतं आणि सावल्या आपोआप पडतात. वर जवळजवळ कोरडा ब्रश फिरवला की केसांची टोकं उजळतात. हे कौशल्य नाही, चक्क फसवणूक आहे. पण दिसते छान.

डोळ्यांना मात्र अशी पळवाट नाही. उंदीर जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा, डोळा राजगिऱ्याहून लहान. आधी खाचेत काळा, त्यावर लाल ठिपका. कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवलेली. रंग दाट असेल तर ब्रशच्या टोकावरच सुकतो, पातळ असेल तर गालावर ओघळतो आणि उंदीर रडवेला दिसतो. श्वास सोडून झाला की पुढचा घेण्याआधी टेकवायचं. हे काकांना बघून शिकलो; त्यांनी शिकवलं कधीच नाही.

परवा चाळीसही झाले. रांगेत उभे करून काकांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या, मग बराच वेळ काही नाही. संध्याकाळी मेसेज आला: "तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा. उजवा डोळा खाली गेलाय."

भिंग काढून पाहिलं. गेला होता.