रंग जातो का? हो, जातो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. प्रदर्शनात दुपट्ट्याचं टोक बोटांत चुरगाळत विचारता, वर्कशॉपमध्ये पातेलं गॅसवर चढायच्या आत विचारता, लग्नाच्या पंगतीत कुणी ‘या पानाफुलांनी कापड रंगवतात’ अशी ओळख करून दिली की जिलबी ताटात पडायच्या आधी विचारता: ‘पण ताई, रंग जातो का हो?’

जातो. म्हणजे काही रंग जातात आणि काही तुमच्या-माझ्यानंतरही राहतील. मंजिष्ठा (एका वेलीच्या मुळांचा लाल), नीळ, लाख, कात ही भरवशाची मंडळी. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून सुती कापडाचा तुकडा मिळाला, तो मंजिष्ठाच्या जातीच्या रंगात रंगवलेला होता. चार हजारांहून जास्त वर्षं झाली त्याला. याउलट हळद कच्ची, हे तुमच्या आजीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. परकरावर हळदीचा डाग पडला की ती तो साबण लावून उन्हात टाकायची. पळसाचा केशरी पहिल्या दिवशी डोळे दिपवतो, पण उन्हापुढे त्याचं फारसं चालत नाही. जास्वंद, गोकर्ण आणि बीट यांच्या नादी लागूच नका. वर्कशॉपला येणाऱ्या निम्म्या जणी गोकर्णाची फुलं घेऊनच येतात, हातोडीनं कापडावर ठोकतात, निळ्या पाकळ्यांचे फोटो काढतात. ते काढून घ्या, कारण फोटोच राहणार आहे. त्यापेक्षा सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून बघा. हिरव्या पानातून रक्तासारखा लाल निघतो, आणि खोलीतली बडबड आपोआप थांबते.

‘मीठ आणि व्हिनेगर घातलं की पक्का होतो ना?’ नाही होत. पक्का करते ती तुरटी. तिच्यातलं ॲल्युमिनियम एका बाजूनं धाग्याला धरतं, दुसऱ्या बाजूनं रंगाला. रेशीम-लोकरीला तेवढं पुरतं. सुती कापड तुरटीला नीट दाद देत नाही, म्हणून त्याला आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं. हे झालं धुण्यापुरतं. ऊन मात्र रंगाचा रेणूच मोडतं, तिथे तुरटी थोडी मदत करते, पण रखवाली करू शकत नाही. संग्रहालयात जुन्या साड्यांच्या दालनात अंधार असतो तो याचसाठी. कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू द्यायचा नाही, असा तिथला दंडक आहे. आमच्या प्रदर्शनांत दिवसभर हॅलोजन भाजत असतात आणि तरी लोक म्हणतात, जरा लाइट वाढवा.

आणि कारखान्यातले रंग काय जन्मतः पक्के होते? १८५६ साली पर्किन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं कोळशाच्या डांबरापासून जांभळा काढला, त्यामागून एकेक भडक रंग आले, त्यातले बरेचसे उन्हात धडाधड विटले. त्यांना सुधारायला दशकं मिळाली. आम्हाला मात्र स्टॉलवरच जाब विचारतात.

पूर्वी मी इथे जीन्सचा मुद्दा काढायची. जीन्स विटली की तिचे जास्त पैसे मोजता, मग माझ्या दुपट्ट्यानं काय घोडं मारलंय? लोक हसायचे, खरेदीही करायचे. आता नाही काढत. जीन्स घेणाऱ्याला ती विटायलाच हवी असते. तुम्हाला दुपट्टा विटायला नको असतो. मुद्दा चटकदार होता, पण लबाड होता.

आता ती गोष्ट सांगते. तिच्यामुळेच हल्ली तुमच्या प्रश्नावर माझा चेहरा पडतो.

एक बाई आल्या होत्या. आई नुकती गेलेली, बंगला रीडेव्हलपमेंटला दिलेला, अंगणातला पारिजातक तुटणार हे ठरलेलं. शेवटच्या मोसमात त्यांनी रोज सकाळी सडा वेचला, पाकळ्या काढून टाकल्या, केशरी देठ तेवढे सावलीत वाळवले आणि स्टीलच्या डब्यातून माझ्याकडे आणले. आईच्या झाडाचा स्टोल करून द्या म्हणाल्या. देठांत जे रंगद्रव्य असतं ते केशरात असतं तेच, क्रोसेटिन. रेशमावर असा सोनकेशरी चढतो की पातेल्यातून काढताना आपणच चकित व्हावं. पण उन्हात तो तग धरत नाही. मी त्यांना बसवून सांगितलं. ऊन नको, मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवा, सणावारी काढा, आणि तरी हळूहळू जाईल. ‘चालेल हो ताई,’ म्हणाल्या.

त्यांनी तो आईच्या फोटोवर घातला. फोटो हॉलमध्ये, खिडकीसमोर. आणखी कुठे घालणार होत्या?

पुढे एकदा माझ्या प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी, गर्दी ऐन भरात असताना, त्या आल्या आणि पिशवीतून स्टोल काढून टेबलावर पसरला. घडीच्या आत जिथे उजेड पोचला नव्हता तिथे पिवळ्याचे दोन पट्टे होते, बाकी सगळा सायीसारखा. आणि काठ! काठाची दुमड मी मशीनवर पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं मारली होती, रंगाला जुळणारा केशरी दोरा शोधून. तो जसाच्या तसा, चारी बाजूंनी झगझगीत.

‘आईचा रंग गेला हो ताई.’

मी म्हणाले, ‘मी सांगितलं होतं तुम्हाला.’ खरंच सांगितलं होतं. आजूबाजूच्या चार बायका हातातले कपडे खाली ठेवून ऐकत होत्या, म्हणून जरा मोठ्यानंही म्हणाले.

‘सांगितलं होतंत,’ त्या म्हणाल्या. ‘पण दुकानदार सगळंच सांगतात. तेवढ्यापुरतं वाटलं.’

मी म्हटलं, परत रंगवून देते, पैसे नकोत, माझ्या ओळखीत पारिजातकाची झाडं आहेत. त्यांनी मान हलवली. दुसऱ्याच्या झाडाचं काय करायचं त्यांना? मग अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘तळाला डाळिंबाच्या सालीचा पिवळा द्यायचात. तो टिकतो ना? वर्कशॉपमध्ये तुम्हीच सांगितलं होतंत. मला कुठे कळणार होतं?’

‘अहो, ते खोटं झालं असतं.’

‘कुणाशी?’

मला उत्तर आलं नाही. कुणीतरी दुपट्ट्याचे पैसे पुढे केले, मी सुटे मोजत बसले. मान वर केली तेव्हा त्या स्टोलची घडी घालत होत्या, पट्टे आतल्या बाजूला घेऊन.

आता तुम्ही म्हणाल, तुमची काही चूक नव्हती. मीही तेच म्हणते, बरेचदा, आंघोळ करतानासुद्धा. डाळिंबाची साल मिसळून ‘हा तुमच्या आईचा पारिजातक’ म्हणून हातात ठेवायचं, ही मला तेव्हाही फसवणूक वाटली असती, आजही वाटते. पण जुने रंगारी पारिजातकात हळद मिसळायचे, करडईच्या फुलांचा कुसुंबा मिसळायचे, आणि त्याला कुणी फसवणूक म्हटलं नाही. ते त्यांचं कसब होतं. मग शुद्धतेचा हा सोस माझ्यात आला कुठून? रंगाऱ्यांकडून तर नाही. शंका अशी आहे की प्रदर्शनाच्या माहितीफलकावरून आला. ‘निसर्गाचा रंग निसर्गाकडे परत जातो’ हे वाक्य मीच लिहून फ्रेम केलं होतं. त्या बाई फलकाशेजारीच उभ्या होत्या. त्यांनी तो वाचला नसावा अशी आशा आहे.

पण उलट बाजूही आहेच. तळाला डाळिंब दिलं असतं तर फोटोवर आज जे असतं ते झाडाचं नसतं, बाजारातल्या सालींचं असतं. हे त्यांना कळलं नसतं, मला कळलं असतं, आणि माझ्या कळण्याला त्यांच्या घरात काय किंमत?

असो. तुमचा प्रश्न कपड्याचा होता. रोज वापरायचं असेल तर मंजिष्ठा किंवा नीळ घ्या. सौम्य साबण वापरा, सावलीत उलटं वाळत घाला. शिलाई आता मी बिनरंगी सुती दोऱ्यानं करते. पळसाचं काही आवडलं तर विटणार हे धरून घ्या, मी बिलावरही लिहून देते. झाडाच्या, आईच्या, माहेरच्या अंगणाच्या ऑर्डरी मात्र फोनवर विचारू नका. कधी घेते, कधी नाही घेत, आणि का ते तुम्हाला सांगता येईल असं मला वाटत नाही.